वाचक विचारतात : जुनी कॉमिक्स आणि त्यांची कथासलगता

गेल्या अंकात आम्ही १९४० ते १९८० या काळातील अमेरिकी कॉमिक्सवर एक लेख प्रसिद्ध केला होता. महिन्यामागून महिने निघणाऱ्या अंकांतील कथा त्या काळच्या लेखक-संपादकांनी एकमेकींशी कशा जोडत नेल्या, हा त्याचा विषय होता. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न आणि लेखकाने दिलेली उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या लहानपणी कॉमिक्सचे पुस्तक हातात पडले की गोष्ट तिथेच सुरू होऊन तिथेच संपत असे. माझा मुलगा मात्र ‘आधीचे वाचले नसेल तर हे कळणार नाही’ असे सांगतो. ही ‘कंटिन्युइटी’ कॉमिक्समध्ये पहिल्यापासून होती का?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : नव्हती. जून १९३८ च्या अंकात सुपरमॅन प्रथम आला, तेव्हापासून पुढची वीसेक वर्षे बहुतेक कथा आपल्या आठवणीतल्यासारख्याच होत्या. खलनायक परत येत, पण गेल्या महिन्यात नायकावर काय प्रसंग गुदरला होता याचा या महिन्यात उल्लेखही नसे. मुले चार-पाच वर्षे कॉमिक्स वाचतात आणि मोठी झाली की सोडून देतात, असा संपादकांचा समज होता. त्यामुळे जुनेच कथानक थोडे बदलून पुन्हा छापले तरी कुणाच्या लक्षात येणार नाही, असे ते धरून चालत.

याला एक अपवाद फार लवकर झाला होता. बिल एव्हरेट यांचा समुद्राखाली राहणारा राजपुत्र नेमॉर आणि कार्ल बर्गोस यांचा पेट घेणारा ह्यूमन टॉर्च हे दोघेही १९३९ पासून एकाच मासिकात येत असत, परंतु प्रत्येकाचे जग निराळे होते. १९४० साली या दोघा चित्रकारांनी आपल्या नायकांची एकमेकांशी गाठ घालून दिली आणि पाणी व अग्नी यांची लढाई रंगवली. एका मासिकाच्या दोन कथा एकाच शहरात, एकाच काळात घडत आहेत, ही जाणीव वाचकाला तिथे प्रथम झाली.

पुढे नोव्हेंबर १९६१ मध्ये लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी ‘फँटॅस्टिक फोर’ हे चार नायकांच्या चमूचे मासिक सुरू केले. त्याच्या चौथ्याच अंकात, मे १९६२ मध्ये, मला अतिशय प्रिय असलेला एक प्रसंग आहे. सोबत्यांशी भांडून निघून गेलेला, या चौघांतला तरुण जॉनी, म्हणजे नवा ह्यूमन टॉर्च, न्यूयॉर्कमधल्या बावरी भागातील एका स्वस्त मुक्कामाच्या जागी थांबतो आणि तिथे पडलेले चाळीसच्या दशकातले एक फाटके कॉमिक चाळू लागतो. त्यात नेमॉरची गोष्ट असते. त्याच खोलीत दाढी वाढलेला, स्वतःचे नावगाव विसरलेला एक दांडगा मनुष्य राहत असतो. जॉनी आपल्या ज्वाळेने त्याची दाढी उतरवतो, आणि खाली निघतो तो खुद्द नेमॉर. वीस वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्या माणसाने निर्माण केलेल्या कथेला नव्या लेखकाने या एका पानात आपल्या जगात सन्मानाने आणून बसवले.

पण आपले म्हणणेही चुकीचे नाही. त्या काळातल्या चांगल्या अंकांत आधीचा सगळा संदर्भ दोन-तीन चौकटींत सांगितलेला असे आणि चौकटीच्या तळाशी फुलीची खूण करून ‘हे अमुक अंकात घडले’ अशी संपादकाची टीप दिलेली असे. जुने वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, असा त्या टीपेचा अर्थ नव्हता. ज्याला हवे त्याने मागे जावे, एवढीच ती वाट होती. नव्याने आलेल्या वाचकालाही अंक पूर्ण वाटला पाहिजे, ही जबाबदारी तेव्हाचे लेखक पाळत असत, आणि सलगतेचे कौतुक करताना मी ही अट कधी सोडत नाही.

प्रश्न : लेखात ‘दोन पृथ्वी’ असा उल्लेख होता. एकाच नावाचे दोन नायक आणि त्यांच्या दोन पृथ्वी, हा घोळ करण्याची गरज काय होती?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : गरज प्रामाणिकपणातून निर्माण झाली. फ्लॅश नावाचा वेगवान नायक १९४० साली गार्डनर फॉक्स यांनी लिहिला. त्याचे नाव जे गॅरिक, आणि डोक्यावर पंख लावलेले धातूचे शिरस्त्राण. युद्धानंतर अशा नायकांची लोकप्रियता ओसरली आणि १९५१ पर्यंत तो पानांवरून नाहीसा झाला. ऑक्टोबर १९५६ मध्ये संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी तेच नाव नव्या माणसाला दिले : बॅरी ॲलन, पोलिसांच्या प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ. पोशाख नवा, शहर नवे. मात्र पहिल्याच कथेत हा बॅरी जुन्या फ्लॅशचे कॉमिक वाचताना दाखवला होता, आणि वीज पडून अंगी वेग आल्यावर त्याने नाव घेतले तेही त्या कॉमिकमधूनच. म्हणजे बॅरीच्या जगात जे गॅरिक हे कागदावरचे पात्र ठरले.

पाच वर्षांनी, सप्टेंबर १९६१ च्या १२३ व्या अंकात, श्वार्ट्झ यांनी दोघांची भेट घडवली. लिहायला बसले ते जे गॅरिकचे मूळ लेखक फॉक्स, आणि चित्रे कार्माइन इन्फँटिनो यांची. मुलांच्या एका कार्यक्रमात दोरावर चढून अदृश्य होण्याची जादू करताना बॅरी इतक्या वेगाने कंप पावतो की तो दुसऱ्याच पृथ्वीवर जाऊन पोहोचतो. दोन्ही पृथ्वी एकाच जागी आहेत, पण त्यांची कंपने निराळी असल्यामुळे त्या एकमेकींना दिसत नाहीत. मग बॅरीने वाचलेले कॉमिक कुठून आले? कथेतच उत्तर आहे : त्याच्या जगातला गार्डनर फॉक्स नावाचा लेखक झोपेत त्या दुसऱ्या पृथ्वीशी जोडला जात असे आणि पाहिलेले सगळे स्वप्न समजून लिहून काढत असे.

यातले विज्ञान बाजूला ठेवू. मला महत्त्वाची वाटते ती त्यामागची वृत्ती. जुना फ्लॅश आता खपत नाही, म्हणून तो कधी नव्हताच, असे म्हणणे सोपे होते, आणि १९५६ मध्ये तसे जवळजवळ म्हटलेही गेले होते. १९६१ च्या कथेने ते मागे घेतले. चाळीसच्या दशकात ज्या मुलांनी जे गॅरिक वाचला ती आता मोठी झाली होती, काहींना स्वतःची मुले होती; त्यांचा नायक जिवंत आहे, कानशिलावर पांढरे केस आले आहेत, त्याचे लग्न झाले आहे, असे त्यांना दाखवण्यात आले. १९६३ पासून दोन पृथ्वींवरच्या नायकमंडळांची वर्षातून एकदा भेट ठरली आणि ती प्रथा १९८५ पर्यंत चालली. दुसऱ्या पृथ्वीवरच्या सुपरमॅनचे लोइसशी लग्न झाले, तिथला बॅटमॅन १९७९ च्या एका कथेत मरण पावला आणि त्याच्या मागे त्याची मुलगी उरली. मासिकाच्या मुख्य नायकाला ज्या गोष्टी कधीच घडू देता येत नव्हत्या, त्या घडवण्याची जागा या ‘घोळा’मुळे मिळाली.

प्रश्न : लेखकांच्या चुका झाकण्यासाठी मागाहून जुळवलेली कारणे, यापलीकडे या सलगतेत काय आहे? एखादे असे उदाहरण द्यावे की जिथे जुळवाजुळवीतून खरोखर चांगली कथा निर्माण झाली.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपला प्रश्न मला सर्वांत आवडला, आणि उत्तरासाठी मी कॅप्टन अमेरिका निवडतो.

जो सायमन आणि जॅक कर्बी यांचा हा नायक मार्च १९४१ च्या अंकात, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच, मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा लगावत अवतरला. युद्ध संपल्यावर त्याचा खप घटला आणि १९५० च्या सुमारास मासिक बंद पडले. डिसेंबर १९५३ मध्ये त्याला पुन्हा आणले गेले, या वेळी साम्यवाद्यांचा शत्रू म्हणून. हा प्रयत्न वर्षभरही टिकला नाही. नंतर मार्च १९६४ मध्ये ली आणि कर्बी यांनी त्याला ‘ॲव्हेंजर्स’च्या चौथ्या अंकात परत आणले, तेव्हा त्यांनी सांगितलेली हकीकत अशी होती : युद्धाच्या अखेरीस १९४५ मध्ये तो उत्तरेच्या समुद्रात पडला, त्याचा तरुण साथीदार बकी मारला गेला, आणि तेव्हापासून आतापर्यंत कॅप्टन बर्फात गोठलेला होता.

ही कथा म्हणून उत्तम होती. वीस वर्षे हुकलेला, मित्राच्या मृत्यूचे ओझे वाहणारा माणूस त्यातून मिळाला आणि पुढची कितीतरी वर्षे लेखकांना त्या दुःखाने पुरवठा केला. पण ज्यांच्याकडे १९५३-५४ चे अंक होते त्यांना एक साधा प्रश्न पडला : कॅप्टन १९४५ पासून बर्फात होता, तर पन्नासच्या दशकात साम्यवाद्यांशी लढत होता तो कोण?

तो अंक आम्ही मोजत नाही, असे सांगून प्रकाशकाला मोकळे होता आले असते, आणि काही वर्षे गप्प राहून त्यांनी तसेच केले. १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्ट या तरुण लेखकाकडे मासिक आले आणि त्याने सॅल ब्युसेमा या चित्रकाराबरोबर १५३ ते १५६ या चार अंकांत त्या प्रश्नाचे उत्तर लिहिले. पन्नासच्या दशकातला कॅप्टन हा दुसराच माणूस होता. लहानपणापासून तो खऱ्या कॅप्टनचा निस्सीम भक्त. त्याने कॅप्टनला बळ देणाऱ्या औषधाचे सूत्र शोधून काढले, शस्त्रक्रियेने चेहराही त्याच्यासारखा करून घेतला आणि आपल्यासारख्याच एका मुलाला बकी केले. मात्र मूळ प्रयोगात औषधानंतर किरणांचा जो उपचार होता तो या दोघांना मिळाला नाही. हळूहळू त्यांची बुद्धी फिरली, जो तो त्यांना देशद्रोही दिसू लागला, निरपराधांवर त्यांचे हात पडू लागले, आणि अखेर सरकारनेच त्यांना निद्रिस्त करून बंदिस्त ठेवले. आता ते जागे झाले आहेत आणि आपणच खरे, अशी त्यांची खात्री आहे.

यात विसंगती तर मिटलीच. १९५३ च्या कथेतली मूळ चित्रे १५५ व्या अंकात पुन्हा वापरण्यात आली, त्यामुळे जुने पान खोटे ठरले नाही, त्याचा अर्थ तेवढा बदलला. परंतु एंगलहार्ट यांनी याहून मोठे काम केले. हिटलरविरुद्ध लढलेला कॅप्टन आणि संशयाच्या काळात घडलेला कॅप्टन यांना समोरासमोर उभे करून, एकाच देशाने आपल्या नावावर दिलेल्या दोन आश्वासनांची तुलना त्यांनी वाचकापुढे ठेवली. खरा कॅप्टन त्या माणसाचा तिरस्कार करू शकत नाही, कारण बर्फात न पडता आपण त्या काळातून गेलो असतो तर आपले काय झाले असते, हे त्याला सांगता येत नाही. विसंगती नसती, तर ही कथा कुणाला सुचली नसती. चूक झाकणे आणि चुकीतून कथा काढणे यांतला फरक मी याहून स्पष्ट दाखवू शकणार नाही.

या कामाला पुढे एक शेपूटही आहे. १९४५ ते १९५० या दरम्यानचे अंक तरीही उरतच होते. १९७७ मध्ये रॉय टॉमस यांनी एका कथेत त्या पाच वर्षांचाही हिशेब लावला आणि त्या काळात दोन वेगळ्या माणसांनी तो पोशाख अंगावर घेतला होता, असे दाखवले. टॉमस हे मुळात चाहते. १९६१ पासून जुन्या नायकांविषयीच्या हौशी नियतकालिकात जेरी बेल्स यांच्याबरोबर लिहिणारे, मग व्यावसायिक लेखक झालेले. त्यांच्या लेखनात कुलवृत्तांत लिहिणाऱ्याची चिकाटी दिसते : एकही शाखा सुटता कामा नये.

प्रश्न : मराठी इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ वाचत मी मोठा झालो. कधी तो अविवाहित, पुढच्या अंकात दोन मुलांचा बाप, मग पुन्हा अविवाहित, चेहराही बदललेला. वेताळाच्या कथांत सलगता नव्हतीच का?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : होती, आणि फार चांगली होती, पण ती आपल्यापर्यंत पोहोचताना तिचा क्रम विस्कटला.

ली फॉक यांचा फँटम, म्हणजे आपला वेताळ, १७ फेब्रुवारी १९३६ पासून अमेरिकी वर्तमानपत्रांत दैनिक चित्रपट्टी म्हणून सुरू झाला आणि १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत फॉक त्याच्या कथा लिहीत राहिले. साठाहून अधिक वर्षे एकाच लेखकाच्या हाती राहिलेले असे कथाविश्व दुर्मीळ आहे. इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्ये बंद पडले. वेताळाच्या गोष्टी छापताना मूळ प्रकाशनाचा क्रम पाळला जात नसे. एका अंकात साठच्या दशकातली पट्टी, तर दुसऱ्यात त्याच्या कितीतरी आधीची. शिवाय दैनिकातील पट्ट्या पुस्तकाच्या पानांत बसवण्यासाठी चौकटी कापल्या जात आणि काही नावेही बदलली जात. मूळ कथेतला प्रदेश आपल्याकडे ‘डेंकाली’ झाला तो असाच.

आपल्याकडे जुने अंक असतील तर त्यांचा क्रम बऱ्याच अंशी चित्रांवरून लावता येईल. गडद सावल्या आणि गूढ वातावरण दिसले तर ते रे मूर यांचे सुरुवातीचे काम आहे. सपाट, साधी, जाड रेषा ही विल्सन मॅकॉय यांची खूण, आणि तिचा काळ १९६१ पर्यंतचा. रेखीव शरीरे आणि स्वच्छ, वास्तववादी चेहरे असतील तर चित्रकार साय बॅरी, आणि त्यांचा काळ १९६१ ते १९९४. डायनाशी वेताळाचे लग्न मूळ पट्टीत १९७७ मध्ये झाले आणि १९७९ मध्ये किट आणि हेलॉइस ही जुळी भावंडे जन्मली. एवढ्या खुणा हाताशी असल्या की आपल्याला पडलेले कोडे आपोआप उलगडेल.

फॉक यांच्या सलगतेचे खरे सौंदर्य आणखी एका ठिकाणी आहे. पहिल्या कथेला सुरुवात केली तेव्हा वेताळ हा न्यूयॉर्कमधला एक श्रीमंत, चैनी तरुण असावा, अशी त्यांची कल्पना होती आणि त्या दिशेने त्यांनी सूचकपणे लिहिलेही होते. कथा चालू असतानाच त्यांनी विचार बदलला, नायकाला जंगलात नेले आणि त्याला वंशपरंपरा दिली : १५३६ मध्ये चाचांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागलेला एक खलाशी, वडिलांच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ, आणि मग पित्यामागून पुत्र असे एकवीस वेताळ. लोक मात्र एकच अमर पुरुष पाहतात. कवटीच्या गुहेत प्रत्येक वेताळाने लिहून ठेवलेल्या बखरींची रांग आहे, आणि त्यातली कोणतीही बखर उघडली की सोळाव्या शतकापासूनची कुठलीही कथा सांगता येते. जी पोकळी इतर लेखकांना अडचण वाटते, ती फॉक यांनी आधीच मोकळी ठेवली होती. इंद्रजालच्या पहिल्या अंकात छापलेली वडिलांच्या पट्ट्याची गोष्टही या परंपरेचीच आहे. विसाव्या वेताळाच्या मृत्यूचा हिशेब एकविसावा तिथे चुकता करतो.

भूगोलाचा प्रश्न मात्र त्यांनी सोडवला नाही. सुरुवातीला भारताच्या आसपासच्या पूर्वेकडील प्रदेशात असणारे जंगल पुढे आफ्रिकेत गेले, आणि वाघ तिथेही राहिले. मला त्याचा त्रास होत नाही, कारण ते जंगल माणसांच्या नात्यांवर उभे आहे, नकाशावर नाही.

प्रश्न : १९८५ मध्ये अनेक पृथ्वी नष्ट करून सगळे नव्याने सुरू केले गेले, हे योग्यच झाले असे मला वाटते. नवीन वाचकांनी किती लक्षात ठेवायचे?
— एक वाचिका, इंदूर

उत्तर : मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांची ती बारा अंकांची मालिका, म्हणजे सुपरमॅन आणि फ्लॅश छापणाऱ्या डीसी कंपनीची ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’, एप्रिल १९८५ ते मार्च १९८६ अशी चालली, आणि कथा म्हणून ती भव्य आहे, बॅरी ॲलनचा मृत्यू मी आजही सहज वाचू शकत नाही. आपली काळजीही रास्त आहे. परंतु पुसून टाकण्याचा मार्ग एकदा चोखाळला की तो पुन्हापुन्हा वापरावासा वाटतो, आणि त्या कंपनीने पुढच्या काळात तो वापरलाही. वाचकाने ज्या प्रसंगावर जीव लावला तो घडलाच नाही, असे त्याला वारंवार सांगितले, तर पुढच्या प्रसंगावर तो जीव कशासाठी लावील? लक्षात ठेवण्याचे ओझे कमी करायचे असेल तर ते लेखकाने कमी करावे, आवश्यक तेवढेच सांगून. कथा रद्द करणे हा त्यावरचा उपाय मला पटत नाही.

वाचकांना लक्षात ठेवायला आवडत असे, याचा पुरावा त्या काळातल्या पत्रांच्या पानांवर आहे. १९६४ मध्ये स्टॅन ली यांनी हल्कचे मूळ नाव ब्रूस बॅनर असताना चुकून बॉब बॅनर लिहिले. वाचकांनी लगेच पकडले, आणि ली यांनी पत्रांच्या पानावर पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर असल्याचे जाहीर केले. ते नाव आजतागायत टिकून आहे. पुढे चूक दाखवून तिचे पटेल असे स्पष्टीकरणही देणाऱ्याला ली यांच्या मार्व्हल कंपनीकडून ‘नो-प्राइझ’ म्हणून रिकामा लिफाफा पाठवला जाई, आणि मुले तो जपून ठेवत. दुसरीकडे श्वार्ट्झ पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापत, त्यामुळे देशभरातले वाचक एकमेकांना पत्रे लिहू लागले. बेल्स आणि टॉमस यांच्यासारख्यांचे चाहत्यांचे जग त्यातूनच उभे राहिले.

प्रश्न : अकरा वर्षांच्या नातीला यातले काही वाचून दाखवायचे आहे. कुठून सुरुवात करावी?
— एक आजोबा, ठाणे

उत्तर : फ्लॅशच्या १२३ व्या अंकापासून करावी. तो एका बैठकीत संपतो आणि आधीचे काहीही माहीत असावे लागत नाही. ती रमली तर ‘फँटॅस्टिक फोर’चे पहिले चार अंक घ्यावेत, म्हणजे नेमॉरचा प्रसंग तिला नीट पोहोचेल, संकलित खंडांत हे सगळे मिळते. कॅप्टन अमेरिकाचे चार अंक ती थोडी मोठी झाल्यावर द्यावेत, कारण त्यांतला द्वेष आणि हिंसा समजावून सांगावी लागेल. देताना १५३ पासून क्रमानेच द्यावेत. १५५ वा अंक आधी हाती पडला तर तो दुसरा कॅप्टन कोण, हे तिला शोधायच्या आतच कळून जाईल.